संगणक-साहाय्यित वस्त्र-अभिकल्प, भिवंडीच्या यंत्रमाग उद्योगातील

विणावयाच्या कापडाची वीण, आकृतिबंध, रंगयोजना व सुताचा हिशोब कागदाऐवजी संगणकावर तयार करून त्यावरून मागास लागणाऱ्या सूचना मिळविण्याच्या पद्धतीस संगणक-साहाय्यित वस्त्र-अभिकल्प म्हणतात. या सूचना छिद्रपत्रांच्या (पंचकार्डांच्या) रूपात किंवा थेट मागाच्या विद्युत् नियंत्रकाकडे पाठविता येतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी (लोकसंख्या ७,०९,६६५–२०११) हे देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक असल्याने येथे ही पद्धती फार पूर्वीच सर्वत्र रुजली असावी, अशी सर्वसामान्य वाचकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. त्याची कारणे मागाच्या रचनेत व धंद्याच्या व्यवस्थेत आहेत. ती समजून घेण्यासाठी कापडावर आकृती कशी उमटते, येथून आरंभ करावा लागतो.

विणकामात ताण्याचे (उभे) काही धागे वर उचलले जातात व बाकीचे खाली राहतात; दोहोंमधील फटीतून धोटा बाण्याचा (आडवा) धागा घेऊन जातो. कोणत्या आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलावयाचे, याची यादी म्हणजेच आकृती. साध्या विणीत विषम व सम क्रमांकांचे धागे आलटूनपालटून उचलले जातात. त्यासाठी ताण्याचे धागे ओवलेल्या दोन वह्या (चौकटी) व त्यांना खालीवर करणारी दोन टॅपेटे पुरतात. डॉबी या साधनात खुंट्यांच्या साखळीच्या साहाय्याने सोळा किंवा अधिक वह्या स्वतंत्रपणे हालविता येतात व लहान भौमितिक नक्षी विणता येते. पाने, फुले, पक्षी यांसारखी मोठी आकृती हवी असल्यास एकेका धाग्यावर स्वतंत्र नियंत्रण हवे. हे काम जॅकार्ड यंत्रणा करते. मागाची ही तीन रूपे लक्षात ठेवल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

इतिहास : आकृतीची यादी सूत्रबद्ध करून साठविण्याची कल्पना भारतीय विणकरांस नवी नव्हती. बनारस येथील नक्शाबंद कारागीर दोऱ्यांच्या जाळ्यात संपूर्ण नक्षी बांधून ठेवीत व ते जाळे मागावर चढविले की तीच नक्षी पुन्हा विणता येई. यूरोपात बाझील बूशाँ यांनी १७२५ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदाचा उपयोग केला. झोझेफ मारी झाकार (१७५२–१८३४) यांनी १८०४ मध्ये लीआँ येथे परिपूर्ण केलेल्या यंत्रणेत छिद्रपत्रांची साखळी वापरली होती. छिद्र असेल तेथे आकडा उचलला जातो, नसेल तेथे जात नाही. हीच कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित वैश्लेषिक यंत्रासाठी घेतली, तर अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी माहितीची मोजदाद छिद्रपत्रांवरच केली. संगणकाच्या घराण्यात मागाला पूर्वजाचे स्थान आहे, असे म्हणतात ते या अर्थाने. अर्थात पूर्वजाकडे वंशज परत येण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला.

आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत ‘स्केचपॅड’ ही पडद्यावर रेखन करण्याची प्रणाली सादर केली. याच दशकात आयबीएम कंपनीतील जॅनिस लूरी यांनी वस्त्रांच्या अभिकल्पासाठी संगणकप्रणाली विकसित केली आणि १९६८ मध्ये सॅन अँटोनिओ (टेक्सस) येथील जागतिक प्रदर्शनात, पडद्यावर प्रकाशलेखणीने काढलेल्या आकृतीवरून मागावर कापड विणून दाखविण्यात आले. तरीही संगणक व माग यांच्यामध्ये छिद्रपत्रांचा अडसर उरलाच होता. बोनास या ब्रिटिश कंपनीने १९८३ मध्ये मिलान येथील आंतरराष्ट्रीय वस्त्रयंत्र प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले, तेव्हापासून विद्युत् चुंबकांद्वारे आकडे निवडता येऊ लागले व पुठ्ठ्याची आवश्यकता उरली नाही. वैयक्तिक संगणक स्वस्त झाल्यावर, १९९० नंतर, ही तंत्रविद्या मोठ्या गिरण्यांबाहेरील उत्पादकांच्या आवाक्यात आली. नेदर्लंड्स, जर्मनी, स्लोव्हेनिया या देशांतील आज्ञावलींबरोबरच मुंबईतील कंपन्यांनी डॉबी व जॅकार्डसाठी तयार केलेल्या आज्ञावलीही भारतात वापरल्या जातात.

जुनी पद्धती : संगणकापूर्वी, आणि जुन्या जॅकार्डांवर त्यानंतरही, आकृती आलेख-कागदावर काढली जाई. हा कागद वाटेल तसा चालत नाही. कापडात दर इंचास ८० उभे व ६० आडवे धागे असतील, तर प्रत्येक मोठ्या चौकोनात आडवे ८ व उभे ६ असे लहान चौकोन असलेला कागद घ्यावा लागतो; नाहीतर कागदावरचे वर्तुळ कापडावर लंबवर्तुळ होऊन उतरते. चारशे आकड्यांच्या जॅकार्डवर या कापडातील आकृतीची रुंदी ५ इंच येते. लांबी ८ इंच ठेवली, तर ४८० आडवे धागे लागतात. म्हणजे कारागिराने ४०० × ४८० = १,९२,००० चौकोनांचा विचार करावयाचा, त्यांपैकी उचलावयाचे तेवढे रंगवावयाचे, आणि नंतर दर ओळीस एक याप्रमाणे ४८० पत्रे छिद्रित करून दोऱ्याने क्रमवार ओवावयाची. एका चौकोनाची चूक कापडावर दर आठ इंचांनी पुन्हा दिसत राहते. पावसाळी हवेत पुठ्ठा ओल धरून फुगतो व छिद्रे सुयांशी नीट जुळत नाहीत. कोकणपट्टीच्या दमट हवेत पत्रे सांभाळणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसते.

कार्यपद्धती : संगणकीय पद्धतीत मूळ चित्र क्रमवीक्षकाच्या (स्कॅनरच्या) साहाय्याने आत घेतात किंवा पडद्यावरच काढतात. क्रमवीक्षकाला चित्रात हजारो छटा दिसतात; मागाला तर मोजकेच धागे ठाऊक असतात. म्हणून रंगांची संख्या चार-सहापर्यंत खाली आणणे, ही पहिली पायरी होय. हे काम आज्ञावली करते, पण रंगांच्या सीमेवर विखुरलेले ठिपके हाताने साफ करावे लागतात आणि नवशिक्याचा बहुतेक वेळ येथेच जातो. त्यानंतर उभ्या-आडव्या धाग्यांच्या प्रमाणानुसार चित्राची मापे ठरविली जातात व प्रत्येक रंगक्षेत्रास एक वीण नेमून दिली जाते, उदा., जमिनीला साटीन, पानाला तिरपी (ट्विल), कडेला साधी.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. एखादा धागा बऱ्याच अंतरापर्यंत दुसऱ्या धाग्याखाली न जाता कापडाच्या पृष्ठावर मोकळा राहिला, तर त्यास तरंग म्हणतात. दर इंचास ८० धागे असताना आडवा धागा १२ उभ्या धाग्यांवरून मोकळा गेला, तर तो तरंग जवळजवळ ४ मिमी. लांबीचा होतो. एवढा तरंग अंगठीत किंवा बांगडीत अडकू शकतो. पावणेदोन लाखांहून अधिक चौकोनांत असे तरंग डोळ्यांनी शोधणे कष्टाचे असते. आज्ञावली ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेरचे सर्व तरंग क्षणार्धात दाखविते. मात्र ती मर्यादा किती असावी, हे संगणक सांगत नाही. पडद्याच्या कापडाला जो तरंग चालतो तो शर्टाच्या कापडाला चालत नाही, हे विणकामाचे ज्ञान वापरणाऱ्याजवळ असावेच लागते. केवळ चित्रकला जाणणारा तरुण पडद्यावर सुंदर दिसणारी आणि मागावर चढविताच ताण्याचे धागे तोडणारी आकृती सहज काढू शकतो.

डॉबीच्या बाबतीत संगणकाचे काम निराळे आहे. आकृतीत ज्या उभ्या धाग्यांची हालचाल सारखी असते, ते सर्व एकाच वहीत ओवता येतात. म्हणून आकृती किती वह्यांत बसेल, हे तीत एकमेकांहून भिन्न असे किती उभे धागे आहेत यावरून ठरते. आज्ञावली आकृतीचे ओवणीचा आराखडा व उचलीचा आराखडा असे दोन भाग करते आणि सोळा वह्यांच्या डॉबीस सतरावी वही लागत असल्यास आधीच इशारा देते. ओवणी तीच ठेवून नुसता उचलीचा आराखडा बदलला, तर त्याच ताण्यावर अनेक नव्या नक्षी मिळतात. या शक्यता कागदावर ताडून पाहण्यास पूर्वी कित्येक दिवस लागत. एक ताणा ओवण्याचे काम वहिफणी कामगारास बराच वेळ खाणारे असल्याने ही बचत लहान उत्पादकासही मोलाची वाटते.

सुताचा हिशोबही त्याच वेळी निघतो. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या ८४० यार्डांच्या लडींची संख्या. इंचाला ९२ उभे धागे व ४८ इंच पन्हा असेल, तर ताण्यात ४,४१६ धागे येतात. ६० नंबरच्या सुतात १०० मी. कापडासाठी, विणीतील लहरीमुळे होणारी सु. ६ टक्के घट धरून, ताण्याचे सु. ४·६ किग्रॅ. सूत लागते. हा हिशोब मुनीमजीही करतात. फरक एवढाच, की पडद्यावर एक पट्टा रुंद केला की प्रत्येक रंगाचे सूत किती वाढले ते लगेच दिसते व गिऱ्हाईक समोर असतानाच भाव सांगता येतो. शिवाय कापडाचे दृश्य अनुकरण पडद्यावर दिसत असल्याने नापसंत नमुने विणण्यापूर्वीच बाद होतात. नमुन्यासाठी माग थांबवून बीम बदलणे, काही मीटर ताणा वाया घालविणे हा खर्च वाचतो. संगणक घेणाऱ्या उत्पादकाचा खरा लाभ बहुधा याच ठिकाणी असतो. चित्र लवकर काढून होते, हा लाभ त्यामानाने गौण आहे.

भिवंडीतील स्थिती : भिवंडीत विणकर समाजाची मोठी वस्ती झाली ती मुख्यतः १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून दक्षिणेकडे सरकलेल्या मोमीन (अन्सारी) विणकरांमुळे. हातमागांची जागा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमागांनी घेतली. मुंबईतील गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप या वाढीस निर्णायक ठरला. गिरण्यांचे उत्पादन थांबले आणि कापडाची मागणी यंत्रमागांकडे वळली. गिरण्यांतून काढून टाकलेले जुने मागही मोठ्या संख्येने येथील शेडमध्ये आले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागांना गिरण्यांच्या बरोबरीने स्पर्धा करण्याची मोकळीक दिली. अशा रीतीने वाढलेला हा उद्योग साध्या, धोट्याच्या, टॅपेटवर चालणाऱ्या मागांचा होता. मिनिटास सर्वसाधारणपणे दीडशे ते पावणेदोनशे आडवे धागे घालणारा हा माग वर्षानुवर्षे कच्चे (ग्रे) कापड विणीत राहतो. त्याला सांगण्यासारखे संगणकाजवळ फारसे काहीच नसते. ताण्यातील रंगीत पट्टे व, पेटी बदलणारा माग असल्यास, चौकडी एवढाच अभिकल्पास वाव.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. अनेक मागधारक मजुरीवर कापड विणून देतात. इचलकरंजीत अशा मागधारकास ‘खर्चीवाला’ म्हणतात. व्यापारी सूत किंवा तयार बीम देतो, कापडाची जात ठरवून देतो व आडव्या धाग्यांच्या संख्येवर मजुरी मोजतो. या मजुरीत आकृतीचा मोबदला कोठेही धरलेला नसतो. ज्याला धाग्यागणिक पैसे मिळतात त्याने आकृती सुधारण्यासाठी संगणक, आज्ञावली व प्रशिक्षित माणूस यांवर खर्च का करावा, या प्रश्नास व्यवस्थेत उत्तर नाही. त्यातच कच्चे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील बालोतरा, पाली यांसारख्या केंद्रांकडे जाते. कापडावर जी फुले-पाने दिसतात ती बहुधा तेथे छापली जातात, आणि अभिकल्पाचा संगणकही छपाईच्या बाजूलाच असतो. भिवंडीचे कापड नक्षीदार होऊन बाजारात येते, पण नक्षीचे मोल भिवंडीस मिळत नाही. सोलापूरशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथील जॅकार्ड चादरीत आकृती विणीतच असते. कारखानदार स्वतःच्या नावाने माल विकतो, त्यामुळे नव्या आकृतीचा लाभ त्याच्याच पदरी पडतो; या चादरीस भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही लाभली आहे. तेव्हा संगणक कोणत्या गावात लवकर रुजेल हे तेथील कारागिरांच्या हुशारीवर ठरते, असा जो सूर कधी कधी लावला जातो, तो निराधार होय.

बदल झाला तो मुख्यतः माग बदलले तेथे. केंद्र शासनाची तंत्रविद्या सुधारणा निधी योजना १ एप्रिल १९९९ पासून सुरू झाली आणि धोटाविरहित माग घेण्यास व्याजात सवलत मिळू लागली. यूरोपातील बंद पडलेल्या गिरण्यांचे वापरलेले रेपिअर मागही भारतात येत राहिले. अशा मागांवर बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक डॉबी व जॅकार्ड यंत्रणांना (१,३४४ किंवा २,६८८ आकड्यांची यंत्रे प्रचलित आहेत) संगणकीय धारिकेखेरीज दुसरी भाषाच समजत नाही, त्यामुळे त्यांच्या मालकास अभिकल्पाची आज्ञावली स्वतः घ्यावी लागते किंवा आकृती करून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे लागते. जुन्या यंत्रांच्या नियंत्रकांत चुंबकीय तबकडीची (फ्लॉपीची) खाच असे; तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्यावर त्या जागी नव्या स्मृतिसाधनांसाठी जोडण्या बसवाव्या लागल्या. संगणकावर आकृती करून तिच्यावरून स्वयंचलित यंत्राने पुठ्ठ्याची पत्रे छिद्रित करावयाची व ती जुन्याच यांत्रिक जॅकार्डवर चढवावयाची, असा मधला मार्गही आहे. तो ओबडधोबड वाटला तरी भांडवल थोडे असलेल्या उत्पादकास परवडणारा आहे. विजेचा दाब स्थिर नसल्यास नाजूक नियंत्रक बिघडतात; भिवंडीत वीजवितरणाचे काम जानेवारी २००७ पासून टोरेंट पॉवर या खाजगी कंपनीकडे आहे.

वस्त्रोद्योग आयुक्तांच्या कार्यालयाशी संलग्न अशी यंत्रमाग सेवा केंद्रे देशात निरनिराळ्या ठिकाणी असून त्यांतील काही ‘बिट्रा’ (बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन) व ‘सस्मिरा’ यांसारख्या संशोधन संस्था चालवितात. प्रशिक्षण, सुताची व कापडाची चाचणी आणि आकृती पुरविणे ही त्यांची कामे. एकट्या मागधारकास न परवडणारा संगणक सामाईक केंद्रात ठेवावा, ही यामागील भूमिका रास्त आहे. केंद्र शासनाची ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथूनच सुरू करण्यात आली. तीत साध्या मागांना धागा तुटताच माग थांबविणारी साधने व तत्सम सुधारणा बसविण्यासाठी अर्थसाहाय्य होते. कापडातील दोष कमी करण्यास त्या उपयुक्त आहेत, परंतु धागा तुटल्यावर थांबणारा माग साधी वीणच विणतो. अभिकल्पाच्या दृष्टीने त्यास डॉबी किंवा जॅकार्ड जोडले जाईपर्यंत काही फरक पडत नाही.

कामगारांवरील परिणाम : आलेख-कागदावर आकृती रंगविणारे व पत्रे छिद्रित करणारे कारागीर या बदलात सर्वांत आधी मागे पडले. ज्यांनी पडद्याकडे वळण्याचे धाडस केले, त्यांचे विणीचे ज्ञान तेथे अतिशय उपयोगी ठरते. कारण तरंग, कडेचा काठ, दोन विणींमुळे ताण्यावर पडणारा असमान ताण या गोष्टी आज्ञावलीच्या पुस्तिकेत शिकता येत नाहीत. आज्ञावलींतील शब्द बहुधा इंग्रजी असतात, तर भिवंडीच्या शेडमधील बोली उर्दू, हिंदी, तेलुगू व मराठी यांच्या मिश्रणाची आहे. अभिकल्पकाने ‘ड्राफ्ट’ म्हणावे व वहिफणी कामगाराने ओवणी समजावी, हा दुभाषेपणा बहुधा जॉबरच्या वाट्याला येतो.

आकृतीची मालकी : पुठ्ठ्याच्या ४८० पत्रांची चोरी करावयाची तर ती डोक्यावरून वाहून न्यावी लागतात, तीच आकृती धारिकेच्या रूपात काही क्षणांत दुसरीकडे जाते. आकृती करून देणाऱ्या व्यावसायिकाकडे अनेक उत्पादकांच्या धारिका एकत्र असतात, हेही धोक्याचे कारण आहे. अभिकल्प अधिनियम, २००० खाली कापडावरील आकृतीची नोंदणी करता येते व तीमुळे प्रथम दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे अनन्य हक्क मिळतो. मात्र नोंदणीपूर्वी आकृती प्रसिद्ध झालेली नसावी, ही अट आहे. बाजारात नमुने फिरवून मागणीचा अंदाज घ्यावयाचा व मगच उत्पादन करावयाचे, ही कापडबाजाराची रीत या अटीशी सरळ विसंगत आहे. प्रताधिकाराचा आश्रय घ्यावा, तर प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या पंधराव्या कलमानुसार, नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या अभिकल्पातील प्रताधिकार, तो लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक वेळा निर्माण झाली की संपुष्टात येतो. घाऊक उत्पादनात ही मर्यादा ओलांडण्यास फारसा काळ लागत नाही. गाद्यागिर्द्यांच्या कापडावरील आकृतींविषयी मायक्रोफायबर्स कंपनीने केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हेच तत्त्व लागू केले. त्यामुळे आज्ञावली घेणाऱ्या उत्पादकाने आकृती पडद्यावर पूर्ण झाल्यावर, पण पहिला नमुना व्यापाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी, नोंदणीचा अर्ज करणे इष्ट असते. धारिकेतील पडद्यावरील चित्र छापून अर्जाबरोबर जोडता येत असल्याने त्यासाठी कापड विणून होण्याची वाट पाहावी लागत नाही.